कुंपणातील फट आणि खेळाडूचा धर्म

कुंपणाला फट पडली की शेतात गुरे शिरतात. आपण गुरांना दोष देत नाही. त्यांना हाकलतो आणि कुंपण दुरुस्त करतो. त्याच फटीतून माणूस शिरला तर मात्र त्याला चोर म्हणतो, कारण ही वाट नव्हे, फट आहे, हे माणसाला कळते. परंतु हे 'कळणे' सिद्ध कसे करावयाचे, आणि सिद्ध झाले तरी दंड किती करावयाचा, हा प्रश्न धर्मशास्त्रापासून दंडसंहितेपर्यंत सर्वांनाच पडलेला आहे. आज तो अशा एका ठिकाणी नव्याने उभा राहिला आहे, की जिकडे आमच्या पिढीचे लक्ष सहसा जात नाही. ते ठिकाण म्हणजे आपली नातवंडे ज्यांत तासन्‌तास गढून जातात ते ऑनलाइन खेळ. त्या खेळांतील चुकीचा लाभ उठविणाऱ्या खेळाडूला शिक्षा करावी काय, आणि करावी तर कशी, याचा येथे विचार करावयाचा आहे.

विषय पोरकट आहे असे काही वाचकांना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. दुबलगुंडीसारख्या गावातही आज देवळाच्या पारावर चार मुले चार भ्रमणध्वनी घेऊन एकाच खेळात उतरलेली दिसतात. एक कन्नड बोलणारा, एक मराठी, एक दखनी. आणि समोरचा गडी कलबुर्गीत आहे, पुण्यात आहे की आणखी कोठे, हे कोणालाच ठाऊक नसते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने 'पबजी' या खेळावर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये त्याच जातीचा 'बीजीएमआय' हा खेळ भारतासाठी म्हणून आला, तेव्हा घरोघरी या नावांचा उच्चार झालाच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी स्वतंत्र कायदाही संमत केला. त्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांना मज्जाव केला आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. मुले न्यायाचे पहिले धडे पूर्वी विटीदांडूच्या रिंगणात घेत. आता ती या आभासी मैदानात घेत आहेत. ते धडे कोणते आहेत हे वडीलधाऱ्यांनी पाहावयास नको काय?

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. ऑनलाइन खेळ म्हणजे लक्षावधी आज्ञांची एक आज्ञावली असते. ती माणसांनी लिहिलेली असल्यामुळे तीत चुका राहतात. कोठे भिंत दिसते पण अडवीत नाही, कोठे एकदा खर्चलेले नाणे पुन्हा हातात येते. अशा चुकीला 'बग' म्हणतात. काही खेळाडू बाहेरून दुसरीच आज्ञावली आणून खेळात घुसवितात व भिंतीपलीकडचा शत्रू पाहतात. ती उघड लबाडी होय. तिच्या शिक्षेबद्दल फारसा वाद नाही. आपला प्रश्न दुसऱ्या माणसाचा आहे. तो बाहेरचे काहीच आणीत नाही. खेळाने जी कळ दिली आहे तीच तो दाबतो. फक्त त्या कळीने जे व्हावयास नको ते होते आणि त्याचा लाभ तो घेतो. तो म्हणतो, "मी कोणता नियम मोडला? चूक करणाऱ्याने चूक केली, मला ती सापडली." त्याचा प्रतिस्पर्धी म्हणतो, "तुला ठाऊक होते की हे असे नसावे." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

गाजलेले एक उदाहरण २०१० सालचे आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात लिच किंग नावाच्या बलाढ्य शत्रूला पंचवीस जणांनी मिळून हरवावयाचे असे. 'एन्सिडिया' नावाच्या युरोपीय चमूने जगात सर्वांत आधी ते साधले. नंतर असे आढळले, की त्यांच्यापैकी एक जण लढताना एका विशिष्ट जातीचे बॉम्ब टाकीत होता आणि आज्ञावलीतील चुकीमुळे लढाईचा मोडून पडणारा चौथरा त्या बॉम्बने पुन्हा उभा राहत होता. त्यामुळे लढाई सोपी झाली. ब्लिझार्ड या निर्मात्या कंपनीने त्यांचा विजय रद्द केला, मिळालेली बक्षिसे काढून घेतली आणि बहात्तर तास खेळबंदी केली. चमूचे म्हणणे असे, की ते बॉम्ब खेळातच मिळतात, तो खेळाडू ते प्रत्येक लढाईत नित्य वापरतो. त्याने चौथरा उभा राहतो हे आम्हांस कसे कळावे? कंपनीचे म्हणणे असे, की डोळ्यांसमोर चौथरा पुन्हा उभा राहताना दिसत होता, मग तुम्ही थांबला का नाहीत?

येथे दोन निराळ्या गोष्टी एकाच निकालात मिसळल्या गेल्या आहेत. विजय रद्द करणे ही एक, आणि खेळबंदी करणे ही दुसरी. तराजू चुकला असेल तर माप पुन्हा करावे लागते. गिऱ्हाईक प्रामाणिक होते की नव्हते, हा प्रश्न त्या वेळी येतच नाही. म्हणून विजय रद्द करणे योग्यच होते. खेळबंदी ही मात्र शिक्षा आहे, आणि शिक्षेला दोषी मन लागते. दिसत असूनही ते थांबले नाहीत, हा कंपनीचा मुद्दा हलका नाही. परंतु लढाईच्या धामधुमीत पायाखालचा चौथरा पाहणे आणि त्याचे कारण ओळखणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या शिक्षेविषयी आमच्या मनात शंका राहते. विजय काढून घेण्याविषयी राहत नाही.

दुसरे उदाहरण नोव्हेंबर २०१४ मधले. स्वीडनमधील 'ड्रीमहॅक' या स्पर्धेत 'काउंटर-स्ट्राइक' या खेळाचा उपउपांत्य सामना चालू होता. 'फ्नॅटिक' हा नामांकित संघ मोठ्या फरकाने मागे पडला असता त्याचे तीन खेळाडू एकमेकांच्या खांद्यांवर अशा जागी उभे राहिले, की जेथे उभे राहता येईल असे दिसतच नव्हते. वरच्या खेळाडूला मैदानाचा मोठा भाग दिसू लागला आणि संघाने हरत आलेला सामना फिरविला. ही जागा त्यांनी आधी शोधून, जपून, मोक्याच्या सामन्यासाठी राखून ठेवली होती. 'एलडीएलसी' या प्रतिपक्षाने तक्रार केली. त्यांनीही अशाच जातीच्या एका जागेचा वापर केला होता असे निघाले. आयोजकांनी फेरखेळाचा निर्णय दिला, तेव्हा फ्नॅटिकने माघार घेतली. पुढे ती स्पर्धा एलडीएलसीनेच जिंकली.

तिसरे उदाहरण त्याच खेळातील, २०२० सालचे. सामना चालू असताना संघाच्या प्रशिक्षकाला आपल्याच खेळाडूंच्या नजरेने मैदान पाहता येते. पण एका चुकीमुळे काही वेळा त्याची नजर मैदानातील भलत्याच जागी अडकून राही आणि शत्रूच्या हालचाली आयत्या दिसत. कित्येकांच्या बाबतीत हे आपोआप घडले होते. काहींनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. काही गप्प बसून पाहत राहिले. ई-स्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशन या संस्थेने जुन्या सामन्यांची मुद्रणे तपासली आणि सप्टेंबर २०२० मध्ये ३७ प्रशिक्षकांवर कमी-अधिक मुदतीची बंदी घातली. ज्यांनी कबुली दिली व तपासास साहाय्य केले त्यांची मुदत कमी करण्यात आली.

ही तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. चूक वापरली गेली हे तिन्हींकडे समान आहे. तरीही आपले मन तिन्हींना सारखा दोष देत नाही. एन्सिडियाबद्दल आपण घुटमळतो, फ्नॅटिकबद्दल कमी घुटमळतो, आणि गप्प बसून पाहणाऱ्या प्रशिक्षकाबद्दल मुळीच घुटमळत नाही. मनाचा हा काटा कशाने हलतो? आमच्या मते लपविण्याने. फट सापडणे हा योगायोग आहे. एकदा तीतून पाय पुढे पडणे ही अनवधानाची गोष्ट असू शकते. परंतु फट आहे हे कळल्यावर ती ज्याच्यापासून झाकून ठेवली पाहिजे असे आपल्याला वाटते, त्याचेच आपण काही घेत असतो. म्हणून शिक्षा व्हावयाची ती चुकीच्या वापराला नव्हे, तर जाणून केलेल्या लपवणुकीला व्हावी, असे आमचे प्रतिपादन आहे.

हे प्रतिपादन खेळाबाहेर टिकते काय ते पाहू. जून २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यातील खापरखेडा येथे एक माणूस एटीएममधून पाचशे रुपये काढावयास गेला, तो पाचशेच्या पाच नोटा बाहेर आल्या. त्याने पुन्हा तसेच केले. पुन्हा अडीच हजार. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि पैसे काढणाऱ्यांची झुंबड उडाली. अखेर एका ग्राहकाने पोलिसांना कळविले, तेव्हा ते केंद्र बंद झाले. शंभराच्या नोटांच्या खणात पाचशेच्या नोटा भरल्या गेल्या होत्या, एवढीच ती चूक. यंत्राने दिले ते घेतले, कळ तर नेहमीचीच दाबली, हा युक्तिवाद खेळाडूच्या युक्तिवादाहून तसूभरही वेगळा नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेत याहून मोठा प्रकार घडला. १० ते १३ तारखांच्या दरम्यान तांत्रिक बिघाडामुळे सुमारे ४१ हजार खात्यांत मिळून ८२० कोटी रुपये चुकीने जमा झाले. बँकेने त्यांतील ६४९ कोटी परत मिळविले, उरलेल्यांसाठी प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले, आणि झडत्या महाराष्ट्रातही झाल्या.

या बाबतीत आपला कायदा फार जुना आणि फार शहाणा आहे. १८७२ च्या करार अधिनियमाचे ७२ वे कलम सांगते, की चुकीने मिळालेला पैसा अथवा वस्तू परत केली पाहिजे. येथे दोषी मनाचा प्रश्न नाही. ही केवळ परतफेड आहे. शिक्षेचा विचार दंडसंहिता करते. १८६० च्या संहितेचे ४०३ वे कलम, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१४ वे झाले, ते अप्रामाणिकपणे केलेल्या अपहाराविषयी आहे. त्याखाली जुन्या संहितेने दिलेला दाखला नमुनेदार आहे. दुसऱ्याची वस्तू आपलीच समजून कोणी उचलली तर तो चोर नव्हे. परंतु चूक ध्यानात आल्यानंतरही त्याने ती अप्रामाणिकपणे ठेवून घेतली, तर तो अपराधी होतो. म्हणजे अपराध उचलण्याच्या क्षणी घडत नाही, कळल्यानंतरच्या वागण्यात घडतो. संगणकाचे नावही नसलेल्या काळात लिहिलेला हा दाखला चौथऱ्यावर बॉम्ब टाकणाऱ्या खेळाडूला आणि शत्रूकडे पाहणाऱ्या प्रशिक्षकाला सारखाच लागू पडतो.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप खापरखेड्यानेच पुरविला आहे. तेथील गर्दीने काय लपविले? सर्व काही भर रस्त्यावर चालले होते. उत्तर असे, की उघडपणा कोणापुढे, हे पाहिले पाहिजे. सोबतच्या लुटारूंपुढे उघड असणे हा उघडपणा नव्हे. ज्याचे जात आहे त्याला, म्हणजे तेथे बँकेला आणि खेळात निर्मात्याला व प्रतिस्पर्ध्याला, कळविणे हाच खरा उघडपणा. त्या गर्दीत तो एकाच ग्राहकाने दाखविला.

दुसरा आक्षेप असा, की सर्वच जण तसे करीत असता एकट्याने प्रामाणिक राहून हरावे काय? हा आक्षेप आम्हांस महसुली कामकाजातून चांगला परिचयाचा आहे. कमाल जमीनधारणेचा कायदा आला तेव्हा ठिकठिकाणी नातलगांच्या नावे जमिनी वाटल्या गेल्या. कागदावर प्रत्येक व्यवहार नियमाप्रमाणे होता. कायद्याचे अक्षर शाबूत आणि हेतू मात्र मेलेला. "सगळेच करतात" हे त्या वेळीही ऐकावयास मिळे. ज्याला खरोखर इतरांच्या लबाडीची चीड असते तो तक्रार करतो; ज्याला वाटा हवा असतो तो हे वाक्य म्हणतो. खेळाडूनेही प्रतिपक्षाने फट वापरल्याचे दिसताच सामना थांबवून दाद मागावी. दाद मागावयास जागाच नसेल, तर दोष आयोजकांचा आहे, हे पुढे सांगूच.

तिसरा आक्षेप थोर आहे. खुद्द भगवंतानेच फटीचा उपयोग केला नाही काय? बिदरच्या झरणी नरसिंहाच्या गुंफेत पाण्यातून चालत जाऊन दर्शन घेण्याची आपल्या घराण्यांची जुनी रीत आहे. त्या देवाची कथाच मुळी वरदानातील फटीची कथा आहे. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, असा वर हिरण्यकशिपूने मागून घेतला. आणि संध्याकाळी, उंबरठ्यावर, नरही नव्हे सिंहही नव्हे अशा रूपाने देव प्रकटला. परंतु नीट पाहा. अमरत्व मिळणार नाही हे कळल्यावर शब्दांच्या आडवाटेने तेच पदरात पाडून घेण्याची लबाडी मुळात त्या दैत्याचीच होती. देवाने वराचे प्रत्येक अक्षर पाळले, भर सभेत खांब फोडून पाळले, आणि स्वतःसाठी काहीच घेतले नाही. लपवणूक नाही, लाभ नाही, आणि एका पोराचे रक्षण आहे. मोक्याच्या सामन्यासाठी जागा राखून ठेवणाऱ्या संघाला या कथेचा आधार मिळत नाही.

नियमाचे अक्षर आणि त्याचा हेतू यांची फारकत उलट दिशेनेही होते, आणि तिचा आदर्श आपल्या बिदरशी जोडलेला आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. त्यांनी तर नियम सरळसरळ मोडला. पण दिवसाढवळ्या मोडला, शिक्षा होणार हे जाणून मोडला, आणि एक दाणाही स्वतःच्या घरी नेला नाही. विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बिदरास धान्याची रक्कम भरली, असे परंपरा सांगते. या कथेतही रक्कम भरावीच लागली, हे विसरता कामा नये. परतफेड सुटली नाही. शिक्षा तेवढी टळली. परतफेड आणि शिक्षा वेगळ्या ठेवण्याचा जो विवेक वर मांडला, तो आपल्या भक्तिपरंपरेला अपरिचित नाही.

आता शिक्षा करणाऱ्याच्या धर्माविषयी. ऑनलाइन खेळात एक विचित्र स्थिती आहे. कायदा करणारी कंपनी, फट ठेवणारी कंपनी, फिर्यादी तीच, न्यायाधीशही तीच. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व सरकारी नोकरीत पहिल्या वर्षी शिकविले जाते. येथे मात्र ज्याच्या निष्काळजीपणामुळे मोह निर्माण झाला, तोच मोहात पडलेल्याला हद्दपार करतो. आणि ती हद्दपारी पुष्कळदा कायमची असते. मुलाने वर्षानुवर्षे मिळविलेले स्थान आणि बापाच्या खिशातून गेलेला पैसा एका क्षणात नाहीसा होतो. म्हणणे मांडावयाचे तर समोर माणूस असतोच असे नाही.

क्रिकेटने या बाबतीत बरा धडा घालून दिला आहे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असता, कर्णधार ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून त्याचा भाऊ ट्रेव्हर याने चेंडू जमिनीवरून सरपटत टाकला. तसा चेंडू त्या सामन्याच्या नियमांत बसत होता. पंचांना आधी सांगितले गेले होते आणि फलंदाजालाही कळविले गेले होते. जगभर छीथू झाली. पण निकाल फिरविला गेला नाही, गोलंदाजाला बंदी झाली नाही. नियम बदलला गेला. कृत्य उघड असेल आणि नियम त्याच्या बाजूस असेल, तर लाज ही पुरेशी शिक्षा होय, आणि दुरुस्ती नियमाची व्हावयास हवी. आपल्या राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाचाही रोख हाच आहे. जे करतेवेळी अपराध नव्हते, त्याला मागाहून अपराध ठरवून शिक्षा करता येत नाही.

यावरून खेळ चालविणाऱ्यांसाठी काही गोष्टी निघतात. चुकीने मिळालेला लाभ नेहमी काढून घ्यावा. त्यासाठी हेतूची चौकशी नको. शिक्षा मात्र जाणतेपणा आणि लपवणूक दिसली तरच द्यावी. पहिल्या वेळी ताकीद, पुन्हा केल्यास मुदतीची बंदी, आणि कायमची हद्दपारी केवळ अशासाठी, ज्याने हाच धंदा केला. निकालापूर्वी खेळाडूचे म्हणणे ऐकावे आणि निकाल कारणासह द्यावा. मुलांच्या बाबतीत अधिक हात राखावा, कारण बारा वर्षांच्या मुलाची जाण आणि बक्षिसाच्या रकमेसाठी खेळणाऱ्या व्यावसायिकाची जाण एका मापाने मोजता येत नाही. आणि फट दाखवून देणाऱ्याला बक्षीस द्यावे. संगणकाच्या मोठ्या कंपन्या आपल्या आज्ञावलीतील दोष शोधून कळविणाऱ्यांना पैसे देतात, हे सर्वविदित आहे. सांगणाऱ्याला बक्षीस आणि लपविणाऱ्याला दंड, असे दोन्ही असेल तरच प्रामाणिकपणाची अपेक्षा न्याय्य ठरते. नुसता दंड असेल तर फट सापडलेला मुलगा भीतीनेच ती लपवील.

राहिला प्रश्न घरच्यांचा. आपली घराणी या सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. निजामाचे राज्य गेले, १९५६ मध्ये जिल्हा म्हैसूर राज्यात आला, कचेरीची भाषा बदलली, नियम कितीतरी वेळा बदलले. प्रत्येक बदलाच्या सांध्यात फटी होत्या. शेजाऱ्याच्या बांधाला हात न लावता ज्यांनी ते दिवस काढले, त्यांचीच नावे आज गावात आदराने घेतली जातात. मुलांच्या हातून भ्रमणध्वनी हिसकावून घेणे आता कोणाला जमणार नाही, आणि तसे करण्याचे कारणही नाही. त्यांच्या शेजारी बसून एवढे विचारावे, की तुला जे सापडले ते समोरच्या गड्याला सांगून खेळशील काय? सांगता येत असेल तर ती युक्ती आहे, खुशाल खेळावी. सांगावयास जीभ रेटत नसेल, तर कोणत्याही कंपनीने बंदी घालण्यापूर्वी तो डाव त्याने स्वतःच सोडावा. आपण ज्याला रडीचा डाव म्हणत आलो, तो याहून वेगळा नाही.